फारकतीचा कागद समुद्रापार चालत नाही

घरातले माणूस दूर असणे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या वाड्यांना नवीन नाही. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, पलटण, नंतर आखात आणि बोटीवरची नोकरी अशा निरनिराळ्या वाटांनी आपली माणसे बाहेर पडली. पण तेव्हा जायचा तो पुरुष, आणि जायचा तो परत येण्यासाठी. बायको-मुले मनिऑर्डरची वाट पाहत गावीच असत. आता परदेशात कायमचे राहण्यासाठी अर्ज करणाऱ्यांत आपल्या लेकीही आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी संगणकावर काम करणारी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुटेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण-तरुणी पाठवण्याचा करार केला, त्यातही रुग्णसेवेची कामे आहेत. अशी बाई नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल आणि पदरी मूल असेल, तर शिक्षण, अनुभव, भाषेची परीक्षा सगळे पार पडल्यानंतर तिचे घोडे एका प्रश्नापाशी अडते. या मुलाचा ताबा कायद्याने कोणाकडे आहे?

समजा, संगमेश्वर तालुक्यातली एक मुलगी आहे. लग्न वाडीतल्या विहारात, धम्म पद्धतीने झाले. पाच-सहा वर्षांत पटेनासे झाले. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसली, पंच बसले, आणि स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली गेली. मुलगा आईजवळ राहील, बाप वर्षातून दोनदा भेटेल, दोघे दुसरे लग्न करायला मोकळे, असा मजकूर. खाली चार प्रतिष्ठितांच्या सह्या. भांडणतंटा न होता सुटले म्हणून सगळ्यांना बरे वाटले. बापाने दुसरे लग्नही केले. मुलगा आजीजवळ गावी आणि आई मुंबईच्या रुग्णालयात नोकरीला. पुढे आईला परदेशची संधी येते, ती अर्जात ‘घटस्फोटित’ असे लिहिते, आणि तिकडून विचारणा होते की घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा पाठवा, मुलाच्या ताब्याचा आदेश पाठवा, नाहीतर बापाची लेखी संमती पाठवा. तिच्याजवळ असतो तो स्टॅम्पपेपर.

येथे पुष्कळजण म्हणतील, आपण बौद्ध, आपल्याला हिंदू कायदा कशाला लागू व्हावा? भावना म्हणून हे समजण्यासारखे आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही समाजाची मागणीही जुनी आहे. तो होईल तेव्हा होईल. आज मात्र १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा या दोन्हींच्या सुरुवातीलाच ते बौद्धांना लागू आहेत असे लिहिलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट आणि पालकत्व ही दोन्ही प्रकरणे घातली होती. ते बिल रखडले म्हणून त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, आणि पुढे त्याचेच तुकडे करून हे कायदे झाले. त्याही आधी १९४७ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा घटस्फोट कायदा केला होता. म्हणजे कोर्टातून सुटका मिळवण्याचा दरवाजा आपल्या प्रांतातल्या स्त्रीला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून उघडा आहे, आणि आपण अजून स्टॅम्पपेपर लिहीत बसतो.

विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, हे खरे. पण अशी रूढी जुनी आहे, निश्चित आहे आणि सतत पाळली गेली आहे, हे जो सांगेल त्याने शाबीत करावे लागते. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये हे पुन्हा बजावले आहे. माझे स्वतःचे मत असे, की ज्यांनी १९५६ साली जुन्या जातीच्या रूढी सोडल्या त्यांनी सोयीच्या वेळी त्याच रूढीचा आधार शोधावा हे बरे दिसत नाही, आणि कोर्टात ते टिकवणेही जड जाईल. पंचांनी समेट करावा, खर्चाचे ठरवावे, दोन्ही घरांतली कटुता कमी करावी. ते काम मोठे आहे. पण त्यानंतर दोघांना घेऊन वकिलाकडे जाणे हाही त्या कामाचाच भाग आहे.

दोघे राजी असतील तर मार्ग कठीण नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद १९७६ पासून आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. समेटाची आशाच उरली नसेल तर ही सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितले. या अर्जासोबत ज्या अटी लिहून दिल्या जातात तेथेच खरी गोम आहे. मूल कोणाकडे, एवढेच लिहून बहुतेक मंडळी मोकळी होतात. ‘आई मुलाचा पासपोर्ट काढू शकेल, नोकरीसाठी त्याला परदेशी नेऊ शकेल, वडिलांची वेगळी संमती लागणार नाही, सुटीत मूल वडिलांना भेटेल आणि प्रवासखर्च अमक्याने करावा’ अशी चार वाक्ये त्यात वाढवायला वेळ लागत नाही. पुढे पाच वर्षांनी संबंध आणखी बिघडल्यावर तीच चार वाक्ये मिळवायला दावा लढवावा लागतो.

पालकत्वाबद्दलही समज-गैरसमज फार आहेत. कायद्यात पालक म्हणून आधी बापाचे नाव आहे आणि ‘त्याच्यानंतर’ आईचे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असेही त्यातच म्हटले आहे. हा ‘त्याच्यानंतर’ शब्द म्हणजे बाप मेल्यावर, असाच अर्थ कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे लावला गेला. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. बाप हयात असला तरी तो मुलाकडे पाहत नसेल, दूर असेल, तर आईच पालक ठरते, असा अर्थ न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये लावला. एका अर्जावरच्या सहीसाठी पंधरा वर्षे गेली.

आजी-आजोबांबद्दल एक शब्द येथेच सांगतो. मूल जन्मापासून आजीने वाढवले असले तरी कोर्टाने नेमल्याशिवाय आजी कायद्याने पालक होत नाही. तिने दिलेल्या संमतीपत्राला परदेशी कचेरीत किंमत नाही. पण मूल रत्नागिरीत आजीजवळ राहते याला दुसऱ्या बाजूने महत्त्व आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील जिल्हा न्यायालयात करायचा असतो. आई अंधेरीत आणि बाप कुवेतमध्ये असला तरी गावच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचा अर्ज रत्नागिरीत चालू शकतो. शाळेचा दाखला आणि लसीकरणाचे कार्ड म्हणून जपून ठेवावे.

पासपोर्टची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण माहितीअभावी बायका खिडकीवरून परत फिरतात. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते. घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तीने जोडीदाराचे नाव द्यावे अशी सक्ती नाही. जोडायची प्रतिज्ञापत्रे साध्या कागदावर चालतात. मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती असेल तर ‘ॲनेक्शर डी’, आणि एकाचीच असेल तर ‘ॲनेक्शर सी’ भरायचे. दुसऱ्याची सही का मिळत नाही ते त्यात खरेखरे लिहायचे. तरीही अडवणूक झाली तर? पुण्यातील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची जपानच्या विज्ञान कार्यक्रमासाठी निवड झाली. आईवडिलांचा घटस्फोटाचा वाद चालू होता आणि वडील संमती देईनात. पासपोर्ट कचेरीने अर्ज रोखला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत पासपोर्ट द्या असा हुकूम केला. परदेशी प्रवास हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि आईबापांच्या भांडणापायी मुलीची संधी बुडू देता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

पासपोर्ट मिळणे म्हणजे मूल कायमचे नेण्याची परवानगी मिळणे मात्र नव्हे. त्यासाठी वेगळा निकाल पाहावा लागतो, आणि तो पुण्यातल्याच एका आईचा आहे. ती खासगी कंपनीत अभियंता होती, नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून मुलगी तिच्याजवळ होती. कंपनीने तिला पोलंडमधील क्राकोव्ह शहरात वरच्या पदाची संधी दिली. वडिलांनी हरकत घेतली, की मुलीचा आणि माझा संबंध तोडण्याचा हा डाव आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली. जुलै २०२२ मध्ये न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ती दिली. नोकरीतली प्रगती आणि मूल यांतून एकाची निवड कर असे आईला सांगता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याचबरोबर वडिलांना मुलीची प्रत्यक्ष भेट आणि एरवी व्हिडिओवरून बोलणे, हे दोन्ही आदेशात बांधून दिले. त्याआधी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या एका आईला मूल नेऊ दिले होते. ताब्याचे आदेश कधीच अंतिम नसतात, मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, हे त्या निकालाने स्पष्ट केले. बापांनीही हे निकाल नीट वाचावेत. दोन्ही ठिकाणी बापाचा हक्क पुसला गेला नाही, त्याची रीत बदलली. मूल डोळ्याआड होईल ही बापाची भीती काही खोटी नसते. तिच्यावर उतारा म्हणजे भेटीच्या तारखा आदेशात लिहून घेणे. सही अडवून धरल्याने मूल जवळ येत नाही.

आता तिकडच्या कचेऱ्या काय पाहतात ते. जर्मनीत एकाच पालकाबरोबर मूल यायचे असेल, तर त्या पालकाकडे एकट्याकडे ताबा हवा, किंवा दुसऱ्या पालकाची संमती, किंवा अधिकारी न्यायालयाचा बंधनकारक निर्णय हवा. ऑस्ट्रेलियाचा नियमही त्याच वळणाचा आहे. मूल कोठे राहावे हे ठरवण्याचा ज्याला ज्याला हक्क आहे त्याची संमती, नाहीतर मूळ देशाच्या कायद्याने मूल नेण्याची मोकळीक, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. कॅनडा मागे राहणाऱ्या पालकाचे ठरावीक नमुन्यातले संमतीपत्र मागतो.

कॅनडाच्या बाबतीत दुसरीच एक चूक होते, आणि ती बहुधा बापाकडून होते. त्याला वाटते, मूल बायकोकडे आहे, आपल्याबरोबर येणार नाही, मग अर्जात लिहून भानगड कशाला? ओळखीचा एजंटही तोच सल्ला देतो. कॅनडाचा नियम असा, की अवलंबून असलेले प्रत्येक मूल, बरोबर येणारे असो वा नसो, ताबा कोणाकडेही असो, अर्जात दाखवलेच पाहिजे, आणि न येणाऱ्या मुलाचीही वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. जे मूल दाखवले नाही त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग बंद होतो. २०१९ मध्ये काहींना सवलत देणारी योजना त्यांनी सुरू केली, पण अशा सवलतीवर मुलाचे भवितव्य टांगून ठेवू नये. शिवाय खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येते. म्हणजे बापाने एक रकाना रिकामा ठेवला, आणि आई आजारी पडून मूल त्याच्याकडे यायची वेळ आली तेव्हा तो रकाना आडवा आला. विभक्त असाल तर विभक्त लिहा. अविवाहित असे लिहून टाकण्याचा मोह तर मुळीच नको.

न सांगता मूल घेऊन निघून जाणे, हा राग आणि भीती यांतून सुचणारा मार्ग. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबाबत १९८० साली हेग येथे झालेल्या करारात भारत सामील नाही, म्हणून काहींना वाटते की कोणी काही करू शकत नाही. तसे नाही. परदेशातून मूल येथे आणले तरी आपली न्यायालये परदेशी आदेश बाजूला टाकत नाहीत. तो विचारात घेऊन मुलाचे हित कशात आहे ते स्वतंत्रपणे पाहतात. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, तान्हे मूल अमेरिकेतून घेऊन आलेल्या आईकडे सुप्रीम कोर्टाने ताबा कायम ठेवला. पण तोवर ते मूल बारा वर्षांहून मोठे झाले होते, आणि त्याचे सारे बालपण दाव्यांत गेले होते.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीलाही, म्हणजे तसा दाखला असलेल्या बौद्ध बापालाही, तो मिळतो. रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. वरच्या कोर्टात जाण्याची वेळ आली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे जोडलेला आहे. आंबा घाट चढून सकाळी गेलेले माणूस रात्री घरी येऊ शकते. जाताना लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि तो जुना स्टॅम्पपेपरही बरोबर घ्यावा. घटस्फोट म्हणून तो टिकणे कठीण असले, तरी दोघे कधीपासून वेगळे राहतात आणि मूल कोणाजवळ ठेवायचे दोघांनी कबूल केले होते, याचा तो पुरावा म्हणून वकिलाच्या कामी येतो.