भाऊबीजेनंतरचा अर्धा लाडू

भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. फराळाचं खरं खाणं इथून पुढे सुरू होतं. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर समोर येणारं भरलेलं ताट सगळ्यांच्या लक्षात राहतं. पाडव्यापर्यंत मात्र गोडाचा कंटाळा येतो, कोणीतरी ‘आज साधा वरणभात करा’ म्हणतं आणि डबे फळीवर जातात. मग दुपारी चारच्या चहाबरोबर अर्धा लाडू, रात्री टीव्हीसमोर मूठभर चिवडा, येताजाता दोन शंकरपाळ्या. याला कोणी जेवण म्हणत नाही, म्हणून कोणी मोजतही नाही. हा क्रम तुळशीचं लग्न लागलं तरी संपत नाही, कारण डबेच संपलेले नसतात.

सणासुदीत माणसाचं वजन नेमकं किती वाढतं, हे काट्यावर पाहण्याचा गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतचे सहा-सात आठवडे हा तिथला खाण्यापिण्याचा हंगाम. राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जॅक यानोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५ प्रौढांचं वजन या काळाच्या आधी, दरम्यान आणि नंतर केलं. निष्कर्ष २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. आपलं वजन दीड किलोहून जास्त वाढलं असणार, असं या मंडळींना सरासरीने वाटत होतं. प्रत्यक्षात ती वाढ निघाली ३७० ग्रॅम.

एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नव्हती. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी यांतल्या १६५ जणांना पुढच्या वर्षी पुन्हा काट्यावर उभं केलं. हिवाळ्यातली ती वाढ उन्हाळ्यात उतरली नव्हती. दर वर्षी पाव-अर्धा किलो येतो आणि मुक्काम करतो, असं दहा वर्षं चाललं तर पँट दोन मापांनी मोठी घ्यावी लागते आणि ती नेमकी कोणत्या दिवाळीत घट्ट झाली हे कोणालाच सांगता येत नाही. २०१६ साली त्याच नियतकालिकात अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या २,९२४ जणांच्या घरच्या वजनकाट्यांच्या नोंदी आल्या. तिन्ही देशांत नाताळ-नववर्षाच्या आसपास वजनं वर गेली होती. जपान्यांची मात्र एप्रिल-मेमधल्या ‘गोल्डन वीक’च्या सुट्टीतही चढली. ज्याचा जो सण, त्याच्या काट्याला तो बरोबर कळतो.

आता हाच हिशेब लाडवांत मांडू. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर हे घरोघरी चालणारं प्रमाण. बेसनाचे साधारण १,९००, तुपाचे २,२५० आणि साखरेचे १,६०० असे मिळून ५,७५० उष्मांक होतात. एकूण वजन ११५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे पाच. मध्यम आकाराचा लाडू ४० ग्रॅमचा धरला तर एका लाडवात २०० उष्मांक आले. ते खर्च करायला साठ-पासष्ट किलोच्या माणसाला पाऊण तास भरभर चालावं लागेल. शरीरात एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० उष्मांक नेहमीच्या खाण्यावर जादा जावे लागतात, म्हणजे जवळजवळ अडतीस लाडू. चार दिवसांत इतके कोण खातो? पण अमेरिकेतल्या त्या ३७० ग्रॅमना चौदाच पुरतात. भाऊबीजेनंतर चार आठवडे रोज चहाबरोबर अर्धा लाडू खाल्ला की चौदा भरले.

म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काट्याने दीड-दोन किलो वाढ दाखवली तर घाबरण्याचं कारण नाही. तिचा बराचसा भाग पाण्याचा असतो. चिवडा-शेवेतल्या मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं. शिवाय जादा पिठूळ-गोड खाल्लं की यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जमा होतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे पाणी आठवड्याभरात ओसरतं. गंमत अशी की हे ओसरणं पाहून माणूस ‘उतरलं बरं का’ म्हणतो आणि पुन्हा डबा उघडतो.

फराळाच्या ताटाची रचनाही तितकीच फसवी आहे. एकच चव सतत खाल्ली की ती फिकी वाटू लागते. दुसरी चव समोर आली की भूक जणू नव्याने लागते. बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. मराठी घरांना ते शास्त्राआधीच ठाऊक होतं. करंजीने तोंड गोड झालं की चकली हवीशी वाटते, चकलीने तिखट झालं की अनारसा, मग चिवडा, मग ‘एक चिरोटा तरी घ्या’. गोड आणि तिखट एकमेकांना खो देत राहतात आणि ‘पुरे’ म्हणण्याची वेळच येत नाही. त्यात शेजारून ताट येतं आणि ते रिकामं परत पाठवायची रीत नाही. तेव्हा ताटलीत दोनच पदार्थ घ्यायचे, एक गोड आणि एक तिखट, बाकीचे उद्या, हा नियम दिसायला बावळट असला तरी उपयोगी आहे.

‘आमच्या घरात कोणी जाड नाही’ हे उत्तर इथे पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपल्याकडची ठेवण पुणे परिसरातल्या नवजात बालकांतही दिसते, हे याज्ञिकांच्या गटाने त्याआधीच मांडलं होतं. म्हणूनच भारतीयांसाठी हा इंडेक्स २३च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५च्या पुढे स्थूलता धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी इंडियाब पाहणीने भारतातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाखांवर नेला आणि पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत असल्याचं नोंदवलं. दिवाळीच्या आधी वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही हाताशी ठेवावी, ती यासाठी.

उपाय म्हणून सगळ्यात आधी सुचतं ते ‘हेल्दी फराळ’ हे प्रकरण, आणि तिथे जरा सांभाळून पाऊल टाकायला हवं. साखरेऐवजी गूळ घातल्याने चव बदलते, उष्मांक जवळपास तेवढेच राहतात. खजुराचा लाडू ‘शुगर फ्री’ म्हणून विकला जातो, पण खजुराची गोडी साखरेचीच असते. भाजलेल्या शंकरपाळ्यांत तळणीचं तेल वाचतं, मोहन मात्र आतच असतं. नानकटाई तळलेली नसते म्हणून ती हलकी होत नाही. चिवड्याच्या बाबतीत फरक खरा आहे. पातळ पोहे उन्हात किंवा कढईत कोरडे भाजून वरून फोडणी दिली तर थोड्या तेलात काम भागतं, मक्याचे पोहे तळावेच लागतात. पातळ पोह्यांतही दाणे, काजू आणि खोबऱ्याचे काप सढळ हाताने पडले, तर वाचवलेलं तेल दुसऱ्या दाराने परत येतं.

चकलीचं तंत्र मात्र खरोखर शिकण्यासारखं आहे. तेल पुरेसं तापलेलं नसलं की चकली तेल पिते, हे प्रत्येक सुगरण सांगेल. तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं आणि ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही. चकली झाऱ्यावर आली, निवू लागली, की वाफेचा जोर संपतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. मुरणाऱ्या तेलाचा बराच भाग असा कढईबाहेर मुरतो. म्हणजे झारा कढईवर जरा वेळ धरून निथळवणं आणि चकली गरम असतानाच टिपकागदावर ठेवणं, ही आजीची शिस्त पदार्थविज्ञानाला धरूनच होती. उरलेलं तळणीचं तेल महिनाभर भाज्यांना पुरवण्याची काटकसर मात्र सोडून द्यावी. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं साठत जातात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे.

खाण्याच्या वेळांवरून महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद काही वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत श्रीकांत जिचकारांच्या विचारातून मांडलेली पद्धत दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत खाण्याची. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, स्थानिक आणि हंगामी खा म्हणणाऱ्या, तुपाला न घाबरणाऱ्या. दोन्ही गटांत फराळ खाणारे आहेत. दिवाळीपुरती दीक्षितपंथीयांना एक सोय आहे: लाडू खायचा तर जेवणातच खावा लागतो, चारच्या चहाला दार बंद. बाकी आयुष्यात कोणी कोणाचंही ऐकावं, पण गोड पदार्थ जेवणाच्या ताटात, भाजी-आमटीनंतर, एका पोळीच्या बदल्यात घ्यायला कोणत्याच पंथाची दीक्षा लागत नाही.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २७२ जणांवर नाताळातला असाच साधा प्रयोग केला. तो २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. एका गटाला आरोग्याचं माहितीपत्रक दिलं. दुसऱ्या गटाने आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहून ठेवायचं होतं. त्यांना खाण्यापिण्याच्या दहा सूचना मिळाल्या आणि सणातला कोणता पदार्थ खर्ची पडायला किती व्यायाम लागेल, याचं चित्रांचं पानही मिळालं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ३७० ग्रॅमने वाढलं, दुसऱ्याचं १३० ग्रॅमने उतरलं. कोणालाही उपाशी ठेवलं नव्हतं. आपल्याकडे हे करायचं तर काट्याला वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन ठरावीक वार नेमावेत आणि आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावा. फराळाच्या चार दिवसांपेक्षा त्यानंतरच्या नोंदी अधिक बोलक्या असतील.

फराळाला जुन्या दिवाळीत जागा होती, कारण चकली वर्षातून एकदा होत असे. साखर रेशनवर मोजून मिळे, सणाला थोडी जादा मिळाली तर त्याचीही बातमी होई, आणि खरिपाची कापणी-मळणी करणाऱ्या अंगांना तेलातुपाचा हिशेब ठेवण्याची गरज नव्हती. आज चकली-भाकरवडीची पाकिटं श्रावणातही मिळतात. हंगामही लांबला आहे. गणपतीच्या मोदकांपासून सुरुवात होते, नवरात्राच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, कोजागरीचं आटीव दूध, दिवाळी, मग लग्नसराई, हुरडा, डिंकाचे लाडू, थेट संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. या पाच महिन्यांत ‘आज सण आहे’ म्हणायला फारसे दिवस चुकत नाहीत.

दिवाळी म्हणजे तळण, हे समीकरणही सगळीकडचं नाही. गोव्यात नरकासुर जाळून झाल्यावर पहाटे घरोघरी नव्या भाताचे फोव, म्हणजे पोहे, होतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, बटाट्याचे. कोकणातही नव्या पोह्यांना हाच मान आहे. चुलत्या-मावशांच्या घरी फिरत फिरत पाच प्रकारचे पोहे खाल्ले तरी ते त्याच सकाळी संपतात. महिनाभर डब्यात राहण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

मधुमेहींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ‘आज करंजी खाणार आहे’ म्हणून गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने वाढवणं धोक्याचं असतं, ते दिवाळीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि जेवणात भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं २०१५ साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे आग्रहाने वाढलेला पहिला वरणभात थोडा थांबू शकतो.

उरला प्रश्न किती करायचं याचा. चौघांच्या घरात दोन किलो चिवडा आणि पन्नास लाडू होतात, कारण प्रमाण सासूबाईंच्या काळातलं असतं आणि तेव्हा घरात अकरा माणसं होती. आता बचत गटाच्या बायका आणि गल्लीतल्या काकू पाव किलोचीही ऑर्डर घेतात. प्रत्येक पदार्थ पाव किलो सांगितला, ऑफिसातून आलेली मिठाईची पेटी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या रखवालदाराच्या आणि कामाच्या मावशींच्या घरी पोचवली, तर डबे भाऊबीजेच्या आठवड्यातच घासायला पडतात.