पुण्याच्या इराण्यांची गोष्ट ☕

मंडळी, बन मस्का आणि श्रूजबरी बिस्किटं तर आपण खातोच. पण ती विकणारे इराणी पुण्यात आले कुठून?

इराणमधूनच आलेले झरथुष्ट्री धर्माचे पारशी हजारेक वर्षांपूर्वीच गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. इराणी त्यांच्या फार नंतर, १९ व्या आणि २० व्या शतकात आले. बरेच जण इराणच्या यझद आणि कर्मान भागातले. १८७० च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला होता. शिवाय झरथुष्ट्रींना जिझिया हा बिगरमुस्लिमांवरचा कर भरावा लागे. तो १८८२ मध्ये रद्द झाला. आलेल्यांत मुस्लिम इराणीही होते.

भांडवल थोडं, राबायची तयारी मोठी. त्यामुळे अनेकांनी चहाची दुकानं आणि बेकऱ्या काढल्या. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या आणि दुधाचा दाट चहा. मुख्य म्हणजे कोणीही यावं, कोणाच्याही शेजारी बसावं!

डेक्कनचं कॅफे गुडलक १९३५ चं, ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी १९५५ ची. कयानी दुपारी बंद असते बरं का. शेवटी दुकान पुण्यातलंच!

तुमचा आवडता इराणी कोणता? कमेंटमध्ये सांगा.

#पुणे #इराणीचहा