दर्या आणि दऱ्या

पहिल्याच दिवशी मी 'का' टाइप केला आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटलं. त्याच्या पायाशी हलन्त आणि शेजारी एकटा 'क'. बोटं चुकली नव्हती. अठ्ठावीस वर्षं ज्या कळांवर जायची त्याच कळांवर ती गेली होती, आधी डी आणि मग के. टाइपरायटरच्या मांडणीत डीवर क असतो आणि केवर काना. नव्या सिस्टिममधल्या इनस्क्रिप्ट मांडणीत डीवर हलन्त आहे आणि केवर क. 'का' हवा असेल तर के आणि ई. मी पुसलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच वर्तुळ.

मी सांगलीत घरीच अक्षरजुळणीचं काम करते. कथासंग्रह, स्मरणिका, शाळांचे अंक, लग्नपत्रिका आणि पावसाळ्यापासून दिवाळी अंक. टायपिंग शिकले ते लोखंडी मशीनवर. शासनाची मराठी चाळीस शब्दांची परीक्षा त्याच मशीनवर दिली. पुढे संगणक आला, पण फॉन्टची प्रणाली घेताना की-बोर्ड टाइपरायटरचाच ठेवता येत होता, म्हणून बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. ती सोय होती. तिची किंमत किती होती, हे आत्ता कळतंय.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या संगणकाला पुढची पायरी चढता येत नव्हती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही त्या मानानं नवा लागतो. माझा सातव्या पिढीचा. आणखी वर्षभराची मुदतवाढ मिळण्यासारखी होती. पण चांगलं चालणारं यंत्र वर्षभरानं भंगारात काढायचं, हे मनाला पटेना. दिवाळी अंक छापखान्यात गेले, हात मोकळे झाले, तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, लिनक्स मिंट घाल. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढ, तुझं जुनं सगळं जागच्या जागी असेल."

तसंच केलं. दोन संध्याकाळी पेनड्राइव्हवरून चालवलं आणि तिसऱ्या दिवशी डिस्कवर घातलं. काही काळ जुनी सिस्टिमही शेजारी ठेवली. सुरू करताना यंत्र विचारायचं, कुठे जायचंय?

वरवरच्या गोष्टी फार लवकर अंगवळणी पडल्या. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, खिडक्या बंद करायची फुली उजवीकडे, सगळं ओळखीचं. सी आणि डी ड्राइव्ह नाहीत, 'होम' नावाचं एकच घर आणि त्यात सगळे फोल्डर. नवं काही बसवायचं तर पासवर्ड द्यावा लागतो. प्रिंटरनं अर्धा दिवस खाल्ला, मग तोही लागला.

घड्याळाची गोष्ट मात्र सांगायला हवी. मिंटमध्ये काम करून जुन्या सिस्टिममध्ये गेले की तिथलं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. सकाळी दहाला साडेचार वाजलेले. मला वाटलं आतली बॅटरी गेली. पण बॅटरी बिघडते तेव्हा काटे असे हिशेबात चुकत नाहीत. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. एकच घड्याळ, दोघांचे वाचायचे नियम वेगळे. हे एकदा समजल्यावर एका ओळीच्या आज्ञेनं ते जुळवता आलं. पुढे महिनाभर जे जे अडलं त्याचं मूळ बहुतेक वेळा अशाच जागी सापडलं.

दोन सवयी धोक्याच्या ठरल्या. इथे इंग्रजी नावातलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतात. मोठ्या 'ए'नं सुरू होणारी 'अनुक्रम' आणि लहान 'ए'नं सुरू होणारी 'अनुक्रम', अशा दोन फायली एकाच फोल्डरमध्ये सुखानं नांदतात. मी एकीत दुरुस्त्या केल्या आणि दुसरी छापखान्यात पाठवली. प्रुफावर लक्षात आलं म्हणून निभावलं. दुसरी सवय माउसच्या चाकाची. मजकूर नुसता निवडला तरी तो बाजूला साठवला जातो आणि चाक दाबलं की कर्सरच्या जागी चिकटतो. पान सरकवताना माझं बोट चाकावर जरा जोरात पडतं. एका कथेत मधेच दुसऱ्या परिच्छेदातले चार शब्द आलेले दिसले, आणि ते अशा ठिकाणी बसले होते की वाक्य जवळजवळ लागत होतं. वाक्य लागलं की डोळा पुढे जातो. त्या दिवसापासून कोणतीही फाइल पुढे देण्याआधी मी आदल्या प्रतीशी ताडून बघते. ही तुलना लिबरऑफिसमध्येच करता येते. आधीच करायला हवी होती.

खरा वेळ गेला तो की-बोर्डावर. फॉन्टची जुनी प्रणाली डोंगलवर चालायची आणि नव्या सिस्टिमवर ती चालेना. म्हणजे टाइपरायटरची मांडणी सुटली आणि इनस्क्रिप्ट शिकणं आलं. ही मांडणी १९८६ ची, सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेली. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क वर शिफ्ट दाबली की ख, ग वर घ, च वर छ. दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. कागदावर बघितलं तेव्हा मला ती फार सुंदर वाटली. बोटांना तसं वाटायला दोन महिने लागले.

कारण काही कळा दोन्ही मांडण्यांत सारख्याच आहेत, आणि त्याच जास्त फसवतात. र दोन्हीकडे जेवर आहे. ऱ्हस्व वेलांटी दोन्हीकडे एफवर. बोट बरोबर जागी जातं, पण वेळ चुकते. टाइपरायटरवर 'किती' लिहिताना आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते आणि कॅरेज एकाच दिशेनं सरकते. रफार मात्र शेवटी: 'कर्म' लिहिताना क, मग म, मग म च्या डोक्यावर रफार. इनस्क्रिप्टमध्ये हा क्रम उच्चाराचा आहे. आधी क, मग वेलांटी. 'कर्म' मध्ये क, र, हलन्त, म. मनात शब्द म्हणत गेलं तर बोटं चुकत नाहीत आणि डोळ्यांसमोर आकार आणला तर चुकतात, हे तिसऱ्या आठवड्यात उमगलं. तेव्हापासून मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत टाइप करते.

मी निवडलेल्या मांडणीत 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र कळा नाहीत. क, हलन्त, ष. ज, हलन्त, ञ. इतकी वर्षं 'ज्ञानेश्वर' जुळवलं, एका कळीनं ज्ञ काढला, आणि त्यात ञ आहे हे हातांना कधी ठाऊकच नव्हतं. आता दर वेळी ते अक्षर उलगडून लिहावं लागतं. वेळ जास्त जातो, पण मला ते आवडू लागलं आहे.

आता जुन्या फायलींविषयी. माझ्याकडे सीडींचे तीन डबे आहेत. त्यांत माणसांनी आयुष्यभर लिहिलेलं आहे. काहींची हस्तलिखितं आता उरलेलीही नाहीत. त्यातली पहिली फाइल नव्या सिस्टिममध्ये उघडली तेव्हा सगळं पान इंग्रजी अक्षरांनी भरलेलं होतं, अर्थ काहीच नाही. फाइल खराब झाली नव्हती. ती पहिल्यापासून तशीच होती. टाइपरायटरवर बेतलेल्या जुन्या फॉन्टांत 'राम' हा शब्द संगणकाच्या लेखी जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं असतो. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी र, काना आणि म चे आकार काढून दाखवतो, एवढंच. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की जे, के, ई. मी मराठी जुळवते असं इतकी वर्षं म्हणत होते. मशीनच्या आत मराठी नव्हतीच, मराठीचे नुसते आकार होते. युनिकोडमध्ये र हा र म्हणूनच साठतो, मग फॉन्ट कुठलाही असो.

म्हणून रूपांतर सुरू केलं. पेजमेकरच्या काही फायली लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडल्या. मांडणी विस्कटली, पण मजकूर हाती आला. रूपांतराचा प्रोग्रॅम अक्षरामागे अक्षर बदलत जातो, वेलांट्या मागे नेतो, रफार पुढे आणतो. नव्वद टक्के काम तो करतो. उरलेलं हातानं करावं लागतं, आणि ते उरलेलं म्हणजेच मराठी, असं मला वाटतं. कारण तो अडखळतो ते आपल्या 'ऱ्य'वर. हा अर्धा र हिंदीला लागत नाही. प्रोग्रॅमच्या यादीत तो नसला की सगळ्याचाच रफार होतो. मग आचाऱ्यांनी केलेला स्वयंपाक आचार्यांच्या नावावर जातो.

त्यात आणखी एक गुंता. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे. शोध घेताना मात्र एक लिहिला की दुसरा सापडत नाही. एका पुस्तकात 'वाऱ्यावर' शोधला तेव्हा तो निम्म्याच ठिकाणी सापडला. मी वेड्यासारखी तीच पानं पुन्हा पुन्हा बघत होते. शब्द समोर दिसतोय आणि संगणक म्हणतोय, नाही. आता प्रत्येक फाइलीवर पहिलं काम तेच: सगळे अर्धे र एका प्रकारात आणायचे. त्यानंतर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवायची. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ही नोंद केल्याबरोबर ल आणि श हिंदी वळणाचे बदलून आपल्या वळणाचे होतात. नोटो सान्स देवनागरीमध्ये मी पहिल्यांदा हे पाहिलं. सगळं पान एकदम घरच्यासारखं दिसू लागलं.

जुनी सिस्टिम डिसेंबरअखेर काढून टाकली. माझा वेग पहिल्या आठवड्यात मिनिटाला दहा शब्दांवर आला होता, आता तिशीच्या पुढे आहे. चाळीस अजून दूर.

गेल्या महिन्यात २००३ साली जुळवलेला एक कथासंग्रह पुरा केला. कोकणातल्या कथा. लेखक आता नाहीत; त्यांच्या पत्नी रत्नागिरीला असतात. पहिली कथा त्यांना मोबाइलवर नुसत्या मजकुराच्या रूपात पाठवली. फॉन्ट नाही, पीडीएफ नाही. तासाभरानं त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, अक्षर मोठं करून वाचलं. सगळं दिसतंय. पण एके ठिकाणी 'दर्यांत धुकं उतरलं' असं झालंय. यांनी घाटाचं लिहिलं होतं. दऱ्या हव्यात तिथे."

त्या कथेत समुद्रही आहे आणि घाटही, त्यामुळे सरसकट बदलून चालणार नव्हतं. मी फोन कानाशी धरूनच फाइल उघडली आणि एकेक दर्या वाचून दाखवू लागले. हा समुद्राचा. हाही समुद्राचा. चौथा घाटातला. कर्सर तिथे नेला, 'दर्या' पुसला. ओ, शिफ्ट धरून जे, डी, तिरकी रेघ, ई.