खिशातलं गाणं गाडीत

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात. हा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मडगार्डवर बांधलेले स्पीकर, टपाखाली लोखंडी पेटीत बसवलेला टेप आणि इंजिनाच्या धडधडीवर मात करणारं गाणं. त्या टेपात आता कॅसेट नसते. पेनड्राइव्ह असतो, नाहीतर चालकाच्या खिशातला मोबाइल त्याला जोडलेला असतो. बोलीत मात्र तो अजूनही 'टेप'च आहे. "टेप लाव" म्हटलं की सगळ्यांना कळतं.

हा शब्द उगाच टिकलेला नाही. गाडी एकदा घेतली की दहा-पंधरा वर्षं चालते, ट्रॅक्टर त्याहून जास्त. गाणं वाजवणारी खिशातली वस्तू मात्र तीन-चार वर्षांत बदलते. गाडी एका पिढीची आणि गाणं पुढच्या पिढीचं, असं कायम होत आलं आहे. मधली फट भरायला वायरी, पिना, डब्या, खोट्या कॅसेटी असं काय काय निघालं. या जोडकामाचा इतिहास बघितला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: जी जोडणी कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती, तीच लोकांच्या जास्त उपयोगी पडली.

सुरुवात रेडिओची. १९३० मध्ये अमेरिकेतल्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिलं. पण रेडिओवर दुसऱ्याने निवडलेलं ऐकावं लागतं. आपल्या आवडीचं गाणं गाडीत वाजावं म्हणून क्रायस्लरने १९५६ साली चक्क तबकडी वाजवणारं यंत्र डॅशबोर्डखाली बसवलं. 'हायवे हाय-फाय' हे त्याचं नाव. सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांनी त्यासाठी मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी खास तबकडी तयार केली होती. ती कोलंबिया कंपनीकडूनच घ्यावी लागे आणि घरातल्या तबकड्या गाडीत चालत नसत. काही वर्षांतच ते यंत्र बंद पडलं.

कॅसेटचं नशीब वेगळं निघालं. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स यांच्या हाताखाली तयार झालेली ही छोटी कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली गेली. पुढे फिलिप्सने इतर कंपन्यांना ती विनामूल्य बनवू दिली. हा निर्णय फार मोलाचा ठरला. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट १९७९ पासून वॉकमनमध्ये चालली आणि तीच काढून गाडीत घातली तरी चालली. जोडणीचा प्रश्नच नव्हता, कारण गाणं आणि त्याचं वाहन एकच होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या काळात गाडी घेतली की दुसरं काम टेप बसवून घेण्याचं असे. पुलंचं कथाकथन, नाट्यसंगीत, भावगीतं, लोकगीतं, तमाशातली बतावणी असं सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यात साठत गेलं. वडापच्या जिपांमध्ये तर कॅसेटींचा ढीग चालकाच्या पायाशीच असे.

मग सीडी आली आणि पहिली फट पडली. १९८४ मध्ये सोनीचा खिशात न मावणारा डिस्कमन निघाला, पण गाडीत डेक होता कॅसेटचा. या पेचातून जी वस्तू जन्माला आली ती सगळ्या जोडकामातली सर्वांत देखणी म्हणावी लागेल: खोटी कॅसेट, म्हणजे कॅसेट अडॅप्टर.

दिसायला ती नेहमीची कॅसेट, फक्त एका कडेतून बारीक वायर बाहेर आलेली. उघडून पाहिली तर आत फीत नाही. जिथे फीत डेकच्या हेडवरून घासत जायची, नेमक्या त्या जागी उलट तोंडाचं एक छोटं हेड बसवलेलं असतं. फितीवर गाणं चुंबकीय चढउतारांच्या रूपात लिहिलेलं असतं आणि डेकचं हेड ते चढउतार ओळखतं. खोट्या कॅसेटमधलं हेड प्लेअरकडून आलेल्या विजेच्या लहरींवर तसेच चढउतार निर्माण करतं. डेकला वाटतं, समोरून फीतच सरकते आहे. बाकी आत असतात ती दोन-चार प्लास्टिकची चक्रं. चाकं फिरली नाहीत तर फीत संपली असं समजून डेक थांबतो, म्हणून ती फुकटच फिरत राहायची. आवाज कमी केला की त्यांची कुरकुर ऐकू येई. ऑटो-रिव्हर्सच्या डेकमध्ये तर कधीकधी बाजू उलटण्याचा खेळ सुरू होई आणि गाण्याऐवजी नुसती खटखट. तरीही अॅम्प्लिफायरला धक्का न लावता, एक स्क्रू न उघडता नवं यंत्र जुन्यात शिरलं होतं. डिस्कमनला मात्र आपले रस्ते सोसले नाहीत. खड्डा आला की सीडी उडी मारायची, म्हणून तो मांडीवर धरून बसावं लागे.

ज्या गाडीत डेकही नव्हता, तिथे रेडिओच कामाला लावला गेला. लायटरच्या भोकात बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर म्हणजे गाडीपुरतं आकाशवाणी केंद्रच. प्लेअरचं गाणं तो एका फ्रीक्वेन्सीवर सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. ताकद अगदी किरकोळ असावी असे बहुतेक देशांचे नियम आहेत. ब्रिटनमध्ये तर तो वापरणं डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होतं, नंतर ५० नॅनोवॅटची मर्यादा घालून परवानगी मिळाली. एवढ्याशा ताकदीचा आवाज मोठ्या मनोऱ्यासमोर टिकत नाही, त्यामुळे मोकळी फ्रीक्वेन्सी शोधणं हीच खरी कसरत. मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीवाटीने बसलेली. त्यांच्यामधली एखादी मोकळी जागा धरून निघावं, तर घाट चढून पुण्याजवळ येईपर्यंत तिथे दुसरं स्टेशन डोकावू लागतं. मग खरखर, मध्येच जाहिरात, पुन्हा गाणं. एक्स्प्रेस-वेच्या बोगद्यात मात्र चमत्कार घडतो. भाताणच्या किंवा खंडाळ्याच्या बोगद्यात शिरताच बाहेरची स्टेशनं विरून जातात, आकाश रिकामं होतं आणि आपलं इवलंसं केंद्र स्वच्छ वाजू लागतं. बोगदा संपला की पुन्हा खरखर.

या सगळ्या धडपडीला साधं, स्वस्त आणि बिनचूक उत्तर मिळालं ते ऑक्सच्या भोकातून. साडेतीन मिलिमीटरची पिन, दोन्ही टोकांना सारखीच वायर, एक टोक प्लेअरमध्ये आणि दुसरं टेपात. ही पिन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या पिनेची धाकटी पिढी. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागचा भाग अर्थिंगचा. तिला कोणाचा परवाना लागत नाही, कोड लागत नाही, प्लेअर कोणत्या कंपनीचा हे ती विचारत नाही. ज्या टेपाला ऑक्स नव्हता, त्याच्या आत कुशल कारागीर तारा डकवून भोक बाहेर काढून देत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर, पिन, जॅक सगळं सुटं मिळत असे.

ऑक्सचा एक त्रास मात्र अनेकांनी भोगला आहे. गाणं लावून गाडी सुरू केली की बारीक शिट्टी सुरू होते आणि अॅक्सिलरेटर दाबला की तीही चढते. प्लेअर लायटरवर चार्ज होत असतो आणि त्याच वेळी ऑक्सने टेपाला जोडलेला असतो. अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि अल्टरनेटरचा आवाज त्या वेटोळ्यातून स्पीकरमध्ये शिरतो. चार्जरची वायर काढली की शिट्टी गप्प. कायमचा इलाज म्हणजे ऑक्सच्या वायरीत बसणारं छोटं ग्राउंड लूप आयसोलेटर. आतल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून गाणं पलीकडे जातं, पण दोन्हीकडच्या तारा एकमेकींना टेकत नाहीत.

आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. २००४ मध्ये अॅपल आणि बीएमडब्ल्यू यांनी मिळून खास जोडणी आणली. आयपॉड कप्प्यात ठेवायचा आणि गाणी स्टिअरिंगवरच्या बटणांनी बदलायची. सोय खरोखर उत्तम होती. मग इतरांनीही ३० पिनांच्या त्या सॉकेटभोवती आपापली यंत्रं बांधली. २००८ मध्ये अॅपलने चार्जिंगची जुनी पद्धत सोडली आणि गाडीत बसवलेले कित्येक डॉक गाणं वाजवत, पण नवा आयफोन चार्ज करत नसत. २०१२ मध्ये सॉकेटच बदललं. गाडी धडधाकट, स्पीकर धडधाकट आणि महागाची जोडणी मात्र बाद. क्रायस्लरच्या तबकडीचंच हे दुसरं रूप होतं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, आयफोन ७ मधून साडेतीन मिलिमीटरचं भोकही गेलं. इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. ग्राहकाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचाच होता.

पेनड्राइव्हने वायरीची भानगड मिटवली. चौकातल्या मोबाइलच्या दुकानात तो गाण्यांनी भरून मिळू लागला आणि ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत सगळीकडे पोचला. बऱ्याच टेपांना तो फॅट३२ मध्येच फॉरमॅट केलेला लागतो. नव्या पेनड्राइव्हवर "नो फाइल" असं दिसलं तर आधी तेवढं तपासावं.

ब्लूटूथवरून स्टिरिओ गाणं पाठवण्याची पद्धत २००३ च्या सुमारास ठरली. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत ब्लूटूथ होतं ते फक्त फोनवर बोलण्यापुरतं. कॉल स्पीकरवर येई, गाणं येत नसे, आणि मालक बिचारा सेटिंग शोधत राही. आज तो प्रश्न उरलेला नाही. २०१४-१५ पासून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आले आणि फोनचाच पडदा डॅशबोर्डवर उमटू लागला. पण ही वाट गाडीच्या कंपनीने उघडी ठेवली तरच उघडी राहते. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की आपल्या पुढच्या विजेवरच्या गाड्यांत या दोन्ही सोयी असणार नाहीत.

म्हणून नवी गाडी बघायला जाल तेव्हा मोठ्या पडद्याबरोबर ऑक्सचं किंवा निदान यूएसबीचं साधं भोक आहे का, हेही विचारा. आणि घरातल्या जुन्या गाडीतला कॅसेटचा डेक चालू असेल तर तो उपटून टाकू नका. बाजारात आता आत छोटी बॅटरी आणि ब्लूटूथ असलेली खोटी कॅसेट मिळते. ती डेकमध्ये सरकवली की खिशातल्या मोबाइलवरचं गाणं वायरीशिवाय त्याच जुन्या टेपावर वाजतं.