दात्यांची नावे आणि विद्यापीठांची गरज

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा गाडा मुख्यतः तीन वाटांनी येणाऱ्या पैशावर चालतो: राज्य शासनाचे वेतन अनुदान, विद्यार्थी व संलग्न महाविद्यालयांकडून मिळणारे शुल्क आणि केंद्रीय संस्थांचा संशोधन निधी. देणगी ही चौथी वाट. आजच्या अंदाजपत्रकात तिचा वाटा लहान असतो; पण राज्यातील जुन्या विद्यापीठांच्या कित्येक वास्तू, विभाग आणि शिष्यवृत्त्या याच वाटेने आल्या.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले. कापसाच्या तेजीत अफाट पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदही त्या तडाख्यात सापडले. विद्यापीठाचा निधी मात्र शाबूत राहिला आणि १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. त्याला दात्याच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. याच काळात नाना शंकरशेट यांच्या नावाने सुरू झालेली संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे कित्येक पिढ्यांच्या गुणवत्ता याद्यांत मानाची ठरली. वास्तू आणि शिष्यवृत्ती हे देणगीचे दोन ठरीव साचे इथेच तयार झाले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केले ते सरकारी मान्यतेविना आणि लहानलहान वर्गण्यांच्या बळावर. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या हाती वर्षाला ५२,५०० रुपयांचे व्याज पडू लागले. ठाकरसींच्या पश्चात त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद झाले आणि काही काळ हे उत्पन्न थांबले. सत्तरी ओलांडलेले कर्वे १९२९ ते १९३२ या काळात युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत फिरले. संस्थेची माहिती देत त्यांनी निधीही जमवला. पूर्व आफ्रिकेतील भारतीय व्यापाऱ्यांनी त्यांना मदत केली. पुढे १९५१ मध्ये या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. संस्था एकाच मोठ्या दात्यावर विसंबली, की त्याच्या वारसांचे मतही तिच्या अंदाजपत्रकात शिरते, हे या प्रकरणात दिसले.

नागपूर विद्यापीठाची गोष्ट मृत्युपत्रातून सुरू होते. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाला ठेवले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे नागपूरकरांची एलआयटी, उभी राहिली. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी स्वायत्ततेसाठी दीर्घ पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये संस्थेला स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एकाच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेत शिकलेल्यांनी तिच्यासाठी पैशापलीकडचे बळ उभे केले, याचे हे ठळक उदाहरण.

पुण्यात मात्र दानाचा ओघ विद्यापीठापेक्षा महाविद्यालयांकडे वळला. त्याचे एक कारण काळाचे आहे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, तोवर शहरातील शिक्षण संस्था जुन्या झाल्या होत्या. जमखंडीच्या संस्थानिकांच्या देणगीमुळे न्यू पूना कॉलेजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय झाले. नौरोसजी वाडिया महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या १९४५ मधील महाविद्यालयाला पुढे आबासाहेब गरवारे यांचे नाव मिळाले. दात्यांची नावे अशी पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात रुळली; पण ती महाविद्यालयांची नावे म्हणून.

दुसरे कारण व्यवस्थेचे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ यांच्या बहुसंख्य पदवीधरांनी विद्यापीठाच्या आवारात एकही वर्ष काढलेले नसते. त्यांचे शिक्षक, मित्र, वसतिगृह आणि गॅदरिंग सगळे महाविद्यालयातले. विद्यापीठ त्यांना भेटते ते परीक्षेच्या अर्जावर, गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर. साहजिकच माणूस ‘मी फर्ग्युसनचा’ किंवा ‘मी रुईयाचा’ म्हणतो आणि मदतीचा हातही तिकडेच वळतो.

जिथे विद्यार्थी एकाच आवारात शिकतो आणि राहतो, तिथले चित्र वेगळे आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. जुन्या मंडळींच्या तोंडी तिचे यूडीसीटी हेच नाव आहे. तिचे माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी जून २०२५ मध्ये प्राध्यापक एम. एम. शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला १५१ कोटी रुपये विनाअट देण्याची घोषणा केली. केंद्र सरकारच्या आयआयटी मुंबईला नंदन नीलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले. आधीचे ८५ कोटी धरून त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी जमवले. तुकडीने मिळून देण्याची ही पद्धत विशेष महत्त्वाची, कारण तिच्यात लहान देणगीलाही जागा असते आणि पुढची तुकडी मागचीशी चढाओढ करते.

देणाऱ्यांसाठी कायद्यानेही वाटा खुल्या केल्या आहेत. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात कलम ८०जी खाली सवलत मिळत आली आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यात शिक्षण आणि वारसा जतन दोन्ही येतात. राजाबाई मनोऱ्याची अलीकडची दुरुस्ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशातून झाली. परदेशातून येणाऱ्या देणग्यांना मात्र विदेशी योगदान नियमन कायद्याची चौकट आहे.

पैशाशिवायचा सहभागही कायद्याला मान्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी अधिसभेवर निवडून देतात. विद्यापीठाच्या वार्षिक अंदाजपत्रकावर याच सभेत चर्चा होते. नॅकच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण ठेवलेले आहेत.

देणगीला मर्यादाही आहेत. दात्यांचा ओढा नाव कोरता येईल अशा वास्तूकडे असतो. त्या वास्तूची वीज, साफसफाई आणि डागडुजी विद्यापीठाच्या गळ्यात पडते. ज्या विषयांना उद्योगांत मागणी आहे त्यांना पैसा सहज मिळतो. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय मागे राहतात. प्राध्यापकांच्या रिक्त जागा तर देणगीतून भरून निघत नाहीत. तो शासनाचाच भार आहे. अमेरिकेत हार्वर्डचा कायम निधी ५० अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षीच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. आपल्याकडे मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारी अध्यासने आणि शिष्यवृत्त्या हेच त्या पद्धतीचे लहान रूप आहे.

राज्य विद्यापीठांना माजी विद्यार्थ्यांची साथ हवी असेल, तर आधी त्यांना विद्यार्थी म्हणून ओळख द्यावी लागेल. पदवीच्या वेळीच नोंदणी, महाविद्यालयांच्या संघटनांशी जोडणी, जमा-खर्चाचा जाहीर हिशेब आणि छोट्या रकमांसाठी कायम निधी ही त्यासाठीची किमान तयारी आहे. देणगी शासनाच्या अनुदानाची जागा घेऊ शकत नाही आणि तिने ती घेऊही नये. अनुदानाने जे साधत नाही, ते तिने साधावे.