शालू कुठे आहे? दुकानाचं होमपेज आणि गिऱ्हाईक

आज बोलायचंय होमपेजबद्दल, आणि उदाहरण घेऊया बनारसचं. तिथला माल आपल्या लग्नघरांना चांगलाच माहीत आहे.

समजा, बेळगावात एका घरी मुलीचं लग्न ठरलंय. आई मोबाइलवर ‘बनारसी शालू’ शोधते आणि एका दुकानाची वेबसाइट उघडते. वर गंगा आरतीचा मोठा व्हिडिओ, तो सुरू व्हायलाच वेळ लागतो. त्यावर ‘परंपरेचा राजेशाही स्पर्श’ अशी ओळ. खाली तीन पिढ्यांचा इतिहास. शालू कुठे आहे? केवढ्याला? लग्नाआधी पोचेल का? दोनदा बोट सरकवूनही काही कळलं नाही, की ती बाई पुढच्या वेबसाइटवर जाते. दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक फिरलं तर आपण हाक तरी मारतो. इथे आलेलं गेलं, हेही कळत नाही.

पहिली गोष्ट शब्दाची. बनारसचा व्यापारी साडी म्हणेल, कतान म्हणेल, ब्रोकेड म्हणेल. आपली बाई शालू म्हणते. मराठी गिऱ्हाईक हवं असेल तर ‘शालू’ हा शब्द पहिल्याच ओळीत दिसला पाहिजे. उदाहरणार्थ: ‘लग्नासाठी हातमागावरचे बनारसी शालू’. त्याखाली किंमत कितीपासून सुरू होते, महाराष्ट्र-कर्नाटकात किती दिवसांत घरपोच मिळेल, आणि एकच बटण: ‘व्हॉट्सॲपवर नमुने पाहा’. पाच बटणं दिलीत तर माणूस एकही दाबत नाही, असं माझं मत आहे.

आता खरा पैशाचा मुद्दा. यंत्रमागावरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, सुरतेहूनही येतात. फोटोत दोन्ही सारखेच चमकतात. मग हातमागाचा शालू महाग का, हे होमपेजने सांगितलं नाही तर गिऱ्हाईक स्वस्तातलाच घेणार, आणि नुकसान थेट विणकराचं. बनारसच्या ब्रोकेड आणि साड्यांना 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बहुतेक दुकानदार ते चिन्ह, सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क पानाच्या तळाशी ओळीने चिकटवून मोकळे होतात. कुणाला काय समजणार? सिल्क मार्क रेशीम अस्सल असल्याचं सांगतो, ते हातमागावर विणलंय असं सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. एवढं अर्ध्या ओळीत लिहा ना!

आणि शालूच्या उलट बाजूचा फोटो द्या. कढवा विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, त्यामुळे मागे धागे लोंबत नाहीत. फेकवा विणीत धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि मागचा मोकळा भाग पुष्कळदा कापून टाकतात. कढव्याला वेळ जास्त, म्हणून किंमतही जास्त. शेजारी शेजारी दोन फोटो ठेवलेत की भाव करताना निम्मी घासाघीस वाचते.

काशीयात्रेला येऊन शालू घेणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी पत्ता स्पष्ट हवा. चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, नकाशावरची खूणही गोंधळते. गोदौलियाहून पायी किती मिनिटं, कोणत्या खुणेला वळायचं, हे लिहा. प्रयागला संगमावर तीर्थपुरोहितांचे झेंडे पाहिलेत? कुणाच्या झेंड्यावर मासा, कुणाच्या हत्ती. अक्षरओळख नसलेला यात्रेकरूही गर्दीत आपला पुरोहित बरोबर शोधतो. त्यांना होमपेज कुणी शिकवलं नव्हतं.

तीन पिढ्यांचा इतिहास काढून टाकू नका हं, तो विश्वास देतो. फक्त खाली न्या.

शेवटी एक तपासणी. तुमच्या धंद्यातली नसलेली एखादी मावशी गाठा, तिच्या हातात मोबाइल द्या आणि पाच सेकंदांत परत घ्या. विचारा, इथे काय मिळतं, केवढ्याला आणि कसं मागवायचं? ‘देवळाची वेबसाइट आहे वाटतं,’ असं ती म्हणाली, तर आरतीचा व्हिडिओ त्याच दिवशी काढा.