पीएम इंटर्नशिप की पीएम फेलोशिप? कंपनीसोबत संशोधन करायचं तर अर्ज कुठे आणि कसा करायचा?

दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेली टीटीसी औद्योगिक वसाहत ही नवी मुंबईची जुनी ओळख. आज याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात उत्पादनासोबत संशोधनही चालतं. तुर्भ्यात बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने २०१७ मध्ये संशोधन केंद्र सुरू केलं. रबाळ्यात रिलायन्स लाइफ सायन्सेस आहे.

याच पट्ट्यात राहून एमएस्सी किंवा पीएचडी करणारे विद्यार्थी 'पैसे मिळणारी रिसर्च इंटर्नशिप' मोबाइलवर शोधतात, तेव्हा समोर योजनांची गर्दी होते. त्यातल्या तिघींच्या नावात 'पंतप्रधान' आहेत. नावं सारखी वाटली तरी योजना वेगळ्या आहेत आणि गल्लत महागात पडू शकते. कारण जी योजना खरोखर विद्यार्थी आणि कंपनी यांना एकत्र आणते, तिचं दार पीएचडीच्या सुरुवातीच्या काळातच उघडं असतं.

तीन 'पीएम', तीन वेगळ्या गोष्टी

पीएम इंटर्नशिप योजना: २०२४ मध्ये तिचा पायलट टप्पा सुरू झाला. त्यात २१ ते २४ वयोगटातल्या तरुणांना मोठ्या कंपन्यांमध्ये १२ महिने काम आणि महिन्याला ५,००० रुपये असं स्वरूप ठरलं. मात्र पूर्णवेळ शिक्षण घेणारे आणि पदव्युत्तर पदवी असलेले त्या टप्प्यात बसत नव्हते. म्हणजे एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी तो टप्पा नव्हताच.

पीएम रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ: २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही योजना आयआयटी, आयआयएससी, आयसरसारख्या निवडक संस्थांमधल्या पीएचडीसाठी आहे. सुरुवातीला महिन्याला ७० हजार आणि शेवटच्या वर्षांत ८० हजार रुपये असे तिचे दर होते. तिच्यासाठी कंपनीची गरज नसते.

पीएम फेलोशिप फॉर डॉक्टरल रिसर्च: कंपनीसोबत संशोधन करायचं असेल, तर पाहायची योजना ही. २०१२ च्या सुमारास केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, आणि सीआयआय ही उद्योगांची संघटना यांनी मिळून ती सुरू केली. आता एसईआरबी हे मंडळ 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'मध्ये विलीन झालं आहे.

यात पैसे कोण देतं?

दोघं. विद्यार्थ्याला एरवी मिळाली असती तेवढी फेलोशिप सरकार देतं आणि साधारण तेवढीच भर कंपनी घालते. म्हणून या योजनेची ओळख 'दुप्पट फेलोशिप' अशी करून दिली जाते. तुलनेसाठी, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७ हजार आणि एसआरएफ ४२ हजार रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा.

सरकार आणि कंपनीने खर्च वाटून घ्यायचा, ही कल्पना जगात जुनी आहे. फ्रान्समध्ये १९८१ पासून 'सिफ्र' योजनेत कंपनी पीएचडीच्या विद्यार्थ्याला नोकरीवर घेते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं. कॅनडात १९९९ मध्ये सुरू झालेली 'मायटॅक्स' ही संस्था विद्यापीठ आणि कंपनीला जोडून अशा इंटर्नशिप चालवते.

सगळीकडे हिशेब एकच असतो. कंपनीला आपल्या अडचणीवर काम करणारा प्रशिक्षित माणूस कमी खर्चात मिळतो, विद्यार्थ्याला खरा प्रश्न आणि खरी यंत्रं मिळतात.

मग अर्ज कसा करायचा?

इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. एरवी आधी फॉर्म भरायचा आणि मग वाट पाहायची, अशी सवय असते. इथे फॉर्म सर्वांत शेवटी येतो. त्याआधी पार पाडायचे टप्पे असे:

• पूर्णवेळ पीएचडीची नोंदणी. नोंदणी होऊन ठरावीक महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो. ही मुदत त्या-त्या वेळच्या जाहिरातीत दिलेली असते आणि ती आधी पाहायला हवी.
• गाइडची तयारी. विषयाचा काही भाग कंपनीच्या गरजेनुसार वळवायला गाइड राजी हवेत.
• कंपनीचा होकार. तोंडी होकार पुरत नाही. कंपनी आपला वाटा देईल, हे लेखी लागतं.
• एकत्र तयार केलेला प्रस्ताव. त्यात प्रश्न काय, तो कंपनीला का सोडवायचा आहे आणि त्यात पीएचडीच्या दर्जाचं नवं काय, ही तिन्ही उत्तरं हवीत.

यातला कंपनी शोधण्याचा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. म्हणून पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर नव्हे, प्रवेशाची तयारी सुरू असतानाच शोधाला लागलेलं बरं.

ओळख नसेल तर कंपनी शोधायची कुठे?

ज्यांच्या गाइडचे उद्योगांशी संबंध आहेत, त्यांचं काम सोपं होतं. माटुंग्याच्या आयसीटीचंच उदाहरण घ्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था रसायन उद्योगाच्या सोबतीनेच वाढली. पण प्रत्येक कॉलेजला अशी परंपरा नसते. ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला तीन ठिकाणी फुकट माहिती मिळते.

पहिलं, केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग, म्हणजे डीएसआयआर. हा विभाग कंपन्यांच्या स्वतःच्या संशोधन केंद्रांना मान्यता देतो आणि त्यांची यादी प्रसिद्ध करतो. गेटवरची पाटी पाहून अंदाज बांधण्यापेक्षा ही यादी जास्त कामाची.

दुसरं, कंपनीचा वार्षिक अहवाल. कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार संचालकांच्या अहवालात तंत्रज्ञान आणि संशोधनावरच्या खर्चाची माहिती द्यावी लागते. कोणत्या विषयात काम चाललं आहे, हेही अनेकदा तिथे कळतं.

तिसरं, पेटंट कार्यालयाची वेबसाइट. तिथे कंपनीच्या नावाने शोध घेतला की तिचे प्रसिद्ध झालेले पेटंट अर्ज दिसतात आणि त्यात संशोधकांची नावंही असतात. 'एचआर'ला पाठवलेल्या सरसकट बायोडेटापेक्षा, त्या कामाबद्दल चार नेमक्या ओळी लिहून संशोधन विभागाला पाठवलेल्या ईमेलला उत्तर येण्याची शक्यता जास्त.

सही करण्याआधी काय वाचायचं?

कंपनी, संस्था आणि विद्यार्थी यांच्यातल्या करारात खरा पेच असतो. पीएचडीचं काम जगासमोर मांडण्यासाठी असतं, कंपनीला मात्र आपलं गुपित जपायचं असतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदवी देण्याआधी प्रबंधाची डिजिटल प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते. 'शोधगंगा'वर दिसतात ते हेच प्रबंध. तोंडी परीक्षाही बंद दाराआड होत नाही, इतर संशोधक विद्यार्थी तिथे बसू शकतात. त्यामुळे प्रबंधात काय येईल आणि काय नाही, हे पहिल्याच वर्षी ठरलेलं हवं.

दुसरा मुद्दा पेटंटचा. अर्ज दाखल होण्याआधी शोधनिबंध छापून आला, तर शोधाचं नवेपण संपतं आणि पेटंट अडकू शकतं. म्हणून कंपन्या निबंध थांबवायला सांगतात. त्यावर एक मार्ग आहे. आधी प्राथमिक स्वरूपाचा पेटंट अर्ज करता येतो आणि त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. म्हणून 'कंपनीने किती दिवसांत निर्णय द्यायचा' याची मुदत करारात लिहून घ्यावी. ती नसेल तर निबंध वर्षभर पडून राहू शकतो.

आणखी तीन प्रश्न विचारायलाच हवेत. पेटंटवर शोधक म्हणून विद्यार्थ्याचं नाव लागेल का? कंपनीने मध्येच प्रकल्प बंद केला, तर तिच्या वाट्याच्या पैशाचं काय? आणि पीएचडीनंतर त्याच कंपनीत काम करण्याची किंवा प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट आहे का?

करार वाचताना संकोच करण्याचं कारण नाही. विद्यापीठांमध्ये संशोधन किंवा बौद्धिक संपदा कक्ष असतो, तिथे मसुदा दाखवता येतो.

एमएस्सी करणाऱ्यांनी काय करायचं?

डॉक्टरल फेलोशिप त्यांच्यासाठी नाही, पण पहिली पायरी त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत. पुढच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प असतो. या ट्रेनिंगला पैसे मिळतीलच असं नाही आणि अनेकदा ते एका सर्टिफिकेटवर उरकलं जातं.

तेच ट्रेनिंग संशोधन करणाऱ्या कंपनीत केलं आणि पुढचा प्रकल्पही तिथल्याच प्रश्नावर घेतला, तर दोन वर्षांनी पीएचडीसाठी कंपनीचं पत्र मागायला जाणारा विद्यार्थी अनोळखी राहत नाही. त्याचं काम पाहिलेला एक तरी माणूस त्या गेटच्या आत असतो.